बी.कॉम. लपवू का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. वय ३९, मूळची सातारा जिल्ह्यातली, बी.कॉम. झालेली, लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आली त्याला चौदा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. मुलं दोन, थोरली अकराची आणि धाकटा सहाचा. नवऱ्याची आयटीतली नोकरी २०२५ मध्ये गेली. आठ महिने तो घरी होता, आता कमी पगाराचं कंत्राटी काम करतो आहे. तिला प्रीस्कूल शिक्षिका व्हायचं आहे आणि घरापासून वीस मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या कमी फीच्या सरकारी कॉलेजात, तो कोर्स आहे. मदतीचा फॉर्म भरायला बसली तेव्हा प्रश्न आला, ‘तुमच्याकडे आधीची बॅचलर पदवी आहे का?’ तिथेच तिने लॅपटॉप मिटला. मैत्रीण म्हणते, “सरळ ‘नाही’ लिही. साताऱ्याला कोण बघायला जातंय? ‘हो’ लिहिलंस तर एक डॉलर मिळणार नाही.” नवरा म्हणतो, “इतकी वर्षं आपण टॅक्स भरला, आता सरकारपुढे हात पसरायचे का? थोडं थांब, माझं मार्गी लागू दे.” सासूबाईंचं फोनवर म्हणणं, “शिकलेली आहेसच की, परत काय शिकायचं?” पत्राचा शेवट असा आहे: “ताई, खोटं लिहू की नाद सोडू, एवढंच सांगा.”

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते.

खोटं लिहू नकोस आणि नादही सोडू नकोस. तुझ्यापुढे या दोनच वाटा आहेत असं तुझ्या मैत्रिणीने तुला पटवलं आहे. ती तुझ्या भल्यासाठीच बोलते आहे याबद्दल मला शंका नाही, पण तिला निम्मंच माहीत आहे.

आधी खोट्याचं बघू. फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा फॉर्म, त्यावर सही करताना खाली एक इशारा असतो: जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर वीस हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास, किंवा दोन्ही. पण तो इशारा बाजूला ठेव. कॉलेजच्या प्रवेश अर्जातही शिक्षणाचा रकाना असतो. तिथे तू बी.कॉम. लिहिलं असशील, कारण तेव्हा लपवायचं डोक्यातही नव्हतं. दोन फॉर्ममध्ये दोन गोष्टी दिसल्या की फायनान्शियल एडच्या, म्हणजे मदत ठरवणाऱ्या, ऑफिसला त्याचा छडा लावावाच लागतो, तो त्यांच्यावरचा नियम आहे. आणि अजून तीन वर्षांनी तू सिटिझनशिपचा फॉर्म भरशील, तेव्हा तुला विचारलं जाईल की सरकारी अधिकाऱ्यांना तू कधी खोटी माहिती दिली आहेस का. बारा वर्षं घालवून मिळवलेल्या त्या कार्डाला एका ‘नाही’पायी धक्का लावू नकोस.

आता तुझ्या मैत्रिणीला जे माहीत नाही ते. ‘पदवी असेल तर एक डॉलर मिळणार नाही’ हे तिचं म्हणणं काही मदतींपुरतंच खरं आहे. त्यातली मोठी म्हणजे पेल ग्रँट. ही केंद्राची परत न करायची मदत, २०२५-२६ ला वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. ज्यांच्याकडे बॅचलर पदवी आहे त्यांना ती मिळत नाही आणि पदवी परदेशातली असली तरी नियम तोच. राज्याच्या कॅल ग्रँटचंही तसंच.

पण तुझी बी.कॉम. तीन वर्षांची आहे ना? इथली बॅचलर पदवी चार वर्षांची. परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची धरायची की नाही, हे प्रत्येक वेळी कॉलेजने ठरवायचं असतं आणि ‘नाही’ ठरवलं तर ते कागदोपत्री नोंदवायचं असतं. तेव्हा मनाने ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिण्याआधी फायनान्शियल एडच्या माणसापुढे सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवीचं प्रमाणपत्र ठेव आणि सरळ विचार, “माझी पदवी तीन वर्षांची, भारतातली आहे. तुम्ही ती बॅचलर धरता का? या प्रश्नाला मी काय उत्तर लिहू?” ते बहुधा क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशनचा, म्हणजे तुझी पदवी इथल्या कशाच्या बरोबरीची हे सांगणारा, रिपोर्ट मागतील. हे रिपोर्ट देणाऱ्या खासगी संस्था आहेत. त्या पैसे घेतात, थोडे आठवडे लावतात आणि सगळ्यांचा निकाल एकच येईल असंही नाही. तीन वर्षांच्या भारतीय पदवीला कुणी ‘तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण’ म्हणतं, तर कुणी विद्यापीठ आणि कॉलेजचा दर्जा पाहून ‘बॅचलर’ म्हणतं. म्हणून कुणाकडून रिपोर्ट चालेल हे कॉलेजला आधी विचारून मगच पैसे भर.

इथे घाई करू नकोस, कारण हा निकाल पुढेही उपयोगी पडायचा आहे. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या बालशिक्षण केंद्रांत शिक्षिकेच्या आणि त्यावरच्या जागांसाठी चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट लागतं आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या, म्हणजे प्रोग्रॅम डायरेक्टरच्या परमिटला बॅचलर पदवी लागते. जी पदवी आज तू लपवायला निघालीस, ती बॅचलर धरली गेली तर आठ-दहा वर्षांनी तुला तिथवर नेऊ शकते. मात्र मदत घेताना पदवी नाही आणि नोकरी मागताना आहे, असं दोन डगरींवर पाय ठेवून चालणार नाही. पेल मिळालं तर आज हाताला पैसा आणि नाही मिळालं तर उद्याच्या अर्जाला वजन. दोन्हींत तुझं नुकसान नाही हे लक्षात घे, म्हणजे त्या खिडकीपाशी उभी राहिलीस की धडधडणार नाही.

पेल हुकलंच असं धरू. मग काय उरतं? माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच उरतं. कॅलिफोर्नियाच्या ११६ कम्युनिटी कॉलेजांत राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला (विषय किती मोठा हे मोजायचं माप) ४६ डॉलर फी आहे. ही फी माफ करणारी सवलत म्हणजे कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. तिला आधीची पदवी आड येत नाही. ती घरातली माणसं आणि उत्पन्न बघते. फॅफ्सा भरलास की कॉलेज याही सवलतीचा विचार करतं, वेगळा छोटा अर्जही असतो. पुस्तकं, हेल्थ फी, पार्किंग यात येत नाही. आणि समज, उत्पन्न थोडं जास्त ठरून हेही मिळालं नाही, तरी तीन युनिटचा एक विषय १३८ डॉलरला पडतो. नवऱ्याला हा आकडा सांग. ‘कॉलेज’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा थोरलीच्या पुढच्या शिक्षणाचे पन्नास-साठ हजार येत असतील.

उत्पन्नाबद्दल एक गोष्ट नीट वाच, ही तुझ्यासारख्या बऱ्याच घरांना लागू आहे. फॅफ्सा दोन वर्षांमागचं टॅक्स रिटर्न बघतो. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं उत्पन्न लागतं आणि २०२४ मध्ये तुझ्या नवऱ्याची नोकरी शाबूत होती. त्यामुळे संगणक तुम्हाला सुस्थितीतलं घर समजेल. ले-ऑफ झालेली कितीतरी मराठी घरं इथेच फॉर्म बंद करतात. ‘आपल्याला कुठून मिळणार’ म्हणून विषय संपतो. पण नोकरी जाणं, घटस्फोट, मोठं आजारपण अशा कारणांनी परिस्थिती बदलली असेल, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला आजचं उत्पन्न धरून फेरविचार करण्याचा अधिकार आहे. ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’चा अर्ज मागायचा, बस. त्याला नोकरी संपल्याचं पत्र, शेवटची पे-स्टब (पगाराची पावती), बेकारी भत्त्याचा कागद आणि आताच्या कंत्राटाचा पगार जोडायचा. कधी काय झालं ते तारखांसह पाच-सहा ओळींत लिहायचं. रडगाणं लागत नाही, तारखा आणि आकडे लागतात. पेल नाही मिळालं तरी हा अर्ज कर, कारण बाकीच्या काही मदती याच हिशेबावर ठरतात.

आता हात पसरण्याविषयी. हे वाक्य तुझ्या नवऱ्याच्या तोंडी असलं तरी पत्र वाचताना वाटलं, ते तुझ्याही मनात आहे. सातारा जिल्ह्यातली तू. रयत शिक्षण संस्थेचं बोट धरून तुमच्याकडच्या किती घरांतली पहिली मुलं शिकली, ते तुला मी सांगायला नको. १९१९ साली कर्मवीरांनी संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ करत पोरं शेतात खपली, वसतिगृहात राहिली, शिकून बाहेर पडली. त्या पोरांना आपण हात पसरणारे म्हणतो का? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ई.बी.सी. सवलत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी माफी, आली आणि उत्पन्नाचा दाखला जोडून एक अख्खी पिढी शिकली. माझे वडील त्यातलेच. मामलेदार कचेरीतून आणलेला तो दाखला त्यांनी शेवटपर्यंत घडी घालून जपून ठेवला होता, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाच्या वर. दाखवायला लाज वाटली असती तर तो वर नसता. त्यांच्या फीचा वाटा कुणाच्या तरी करातून आला, पुढे तीस वर्षं नोकरी करून त्यांनी तो भरला. तुम्ही दोघांनी इथे तोच कर भरला आहे, तुझ्या नवऱ्याचं ते वाक्य खरंच आहे. फक्त त्याचा निष्कर्ष मला पटत नाही. भरलेल्या कराचंच हे दुसरं टोक आहे.

फी माफी घेतल्याने पुढे सिटिझनशिपला अडचण येते, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. नागरिकत्वाच्या अर्जात तशी अट नाही आणि शिक्षणाची मदत म्हणजे घर चालवायला मिळणारा रोख भत्ता नव्हे.

मी स्वतः अशाच एका कॉलेजात चाळिशीत अकाउंटिंग शिकले. पहिल्यांदा गेले तेव्हा कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून रांगेत उभी होते. पुढे एक पन्नाशीचा गृहस्थ होता, सुताराचं काम करणारा, बोटांना पांढरं प्रायमर लागलेलं. मागे कडेवर बाळ घेतलेली मुलगी. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोकत होते, नवऱ्याचा धंदा का बसला याची सगळी कहाणी. खिडकीतल्या बाईने विचारलं, घरात माणसं किती, मागच्या वर्षी उत्पन्न किती, रिटर्न आणलंय का. मी कहाणी सुरू केली तर ती हसून म्हणाली, “हनी, मला एवढंच लागतं.” पंधरा मिनिटांत मी बाहेर. लाज वाटावी असा एकही प्रश्न त्या खिडकीत नव्हता, होती ती सगळी मी घरून नेलेली.

फीपलीकडेही या कॉलेजांत बरंच असतं आणि आपल्या बायका तिकडे फिरकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२१ च्या कायद्याने इथल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला बेसिक नीड्स सेंटर काढावं लागलं. तिथे फूड पँट्री असते. तांदूळ, डबाबंद राजमा-छोले, दूध, भाजी, जे त्या आठवड्यात असेल ते. विद्यार्थी आयडी दाखवायचा आणि पिशवी भरायची. कॅलफ्रेशचा, म्हणजे धान्य-मदतीचा फॉर्म भरायला तिथली माणसं मदत करतात. तुझ्या घरात मुलांचं आणि तुझं गणित वेगळं निघेल, ग्रीन कार्डला किती वर्षं झाली यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून ते एकटीने इंटरनेटवर वाचून ठरवू नकोस, समोर बसून समजून घे. लायब्ररीत चौकशी केलीस तर लॅपटॉप उसना मिळतो का ते कळेल आणि नेमलेली पुस्तकं दोन-दोन तास वापरायला मिळतात. विषय निवडताना वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च शून्य असलेल्या वर्गांपुढे खूण असते, ती कायद्याने करावी लागते. सत्राला शे-दोनशे डॉलर असे वाचतात. मानसिक आरोग्याचा समुपदेशकही हेल्थ फीतच मिळतो. आठ महिने नवरा घरी बसलेला असताना तू काय काय सोसलंस ते पत्रात एका ओळीत उरकलं आहेस. त्या ओळीसाठी तिथे जा.

कॉलेजच्या फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्या असतात, बहुधा सगळ्यांना मिळून एकच अर्ज. पाचशे-हजार डॉलरच्या असतात म्हणून लोक कंटाळा करतात आणि तिथेच तुला संधी आहे. वर्क-स्टडीलाही पदवीची आडकाठी नाही. गरज सिद्ध झाली आणि जागा असली तर कॉलेजातच आठवड्याला काही तास काम मिळतं. आपलं ‘कमवा आणि शिका’च की ते. कर्ज मात्र घेऊ नकोस. फी इतकी कमी असताना डोक्यावर व्याज चढवायचं कारण मला दिसत नाही.

किती शिकायचं हेही आत्ताच ठरवून टाक. खासगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून उभं राहायला बालशिक्षणाची बारा युनिट आणि थोडा अनुभव लागतो. त्यातली सहा झाली की उरलेली करत करत कामाला लागता येतं. म्हणजे तू दोन वर्षांचं ओझं मनावर घेऊन बसली आहेस, पण पहिला पगार एका सत्रापलीकडे असू शकतो. मदत देणारे ऑफिस बारा युनिट घेतली तर जास्त पैसे दाखवेल. तरी पहिल्या सत्रात सहाच घे. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे आणि चौदा-पंधरा वर्षांत परीक्षा दिलेली नाहीस. मदत टिकवायला गुणांची सरासरी (४ पैकी) २.० लागते आणि घेतलेल्यातले साधारण दोन तृतीयांश विषय पूर्ण करावे लागतात. चार घेऊन दोन सोडलेस तर तिथेच अडकशील. एखादा विषय झेपत नाही असं वाटलं, तर नुसतं जायचं बंद करू नकोस, तारखेच्या आत रीतसर काढून टाक.

नवऱ्याच्या ‘थोडं थांब’मागे मला विरोध कमी आणि खचलेपण जास्त दिसतं. आठ महिने घरी बसलेल्या माणसाला बायको मदतीचा फॉर्म भरताना दिसली की तो फॉर्म त्याच्या अपयशाचा दाखला वाटतो. त्याच्याशी भांडू नकोस. कागद गोळा करायचं काम त्याच्याकडे दे. रिटर्न, पे-स्टब, नोकरी संपल्याचं पत्र त्याच्याच फाइलमध्ये आहेत. सासूबाईंना सांग, शिक्षिका व्हायचं आहे. आपल्याकडे ‘बाई शिक्षिका आहे’ या वाक्यापुढे फारसं कुणी बोलत नाही.

हे वाचणाऱ्या एच-४ वरच्या मैत्रिणींसाठी: फॅफ्साची मदत तुम्हाला नाही. पण या राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहून रहिवासी ठरलात तर त्याच ४६ डॉलरच्या दराने शिकता येतं, एच-४ त्याला आड येत नाही. क्रेडिट नसलेले, म्हणजे पदवीसाठी न मोजले जाणारे वर्ग, उदाहरणार्थ इंग्रजी सुधारण्याचे, विनाशुल्क असतात, तिथून सुरुवात करा. आणि मुलं इथे जन्मलेली असतील, तर तुमचा व्हिसा कुठलाही असो, ती कॉलेजच्या वयाची झाली की त्यांचा फॅफ्सा दरवर्षी भरा. तो दरवर्षी साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. त्याला पैसे लागत नाहीत. कुणी फी मागत असेल तर ती साइट सरकारी नाही.

तू अपॉइंटमेंट सकाळची माग, धाकट्याची शाळा सुटायच्या आत परतता येईल अशी. गुणपत्रिकांच्या मूळ प्रती दाखवायच्या, द्यायच्या फक्त झेरॉक्स. आणि बोलणं झालं की त्या माणसाला म्हण, “हे मला ईमेलवर लिहून द्याल का?” पदवीविषयी त्यांनी जे सांगितलं असेल तेच मग फॉर्ममध्ये लिही.